न पाहिलेलं मरण

इथं सिंगापुरात गणपतीत आमच्या मराठी मंडळींच्या जेवणावळी असतात. सेरंगूनच्या कुणाच्या तरी कॉन्डोचा हॉल, मसालेभात, अळूचं फदफदं, आणि पहिला वाढा संपायच्या आत राजकारण. पुण्याहून आलेले आयटीवाले, मुंबईचे बँकवाले, सगळ्यांना देशाचं काय करायला हवं हे अगदी नीट माहीत असतं. देश विमानाने पाच तासांवर आहे आणि आपल्याला तिथं राहायचं नाहीये, म्हणून ते बहुधा इतकं स्वच्छ दिसत असावं. गेल्या खेपेला एकजण जिलबी तोडत म्हणाला, "दहा-वीस जणांना उचलून गायब केलं ना, की बाकीचे आपोआप सरळ होतात." मी पान अर्धवट टाकून उठलो. बायको गाडीत म्हणाली, "तुझं डोकं फारच लवकर सटकतं हं." सटकतं. गायब म्हणजे काय हे मला त्या जिलबीवाल्यापेक्षा जरा जास्त ठाऊक आहे.

वडील मिरजेला रेल्वेच्या लोको शेडमध्ये होते आणि युनियनचं काम करायचे. संप झाला, मोडला, वडिलांची नोकरी गेली, आणि पुढच्या वर्षी आणीबाणी आली. पोलीस आले तेव्हा वडील घरात नव्हते, आणि त्यानंतर ते कधीच घरात नव्हते. भूमिगत झालेत, असं मोठी माणसं खालच्या आवाजात म्हणायची. मी लहान होतो, मला ते शब्दशः पटलं होतं. शाळेतून येताना मी रस्त्यावर पाय हलके टाकत असे.

आणीबाणी उठली. तुरुंगातले सुटले, लपलेले बाहेर आले, स्टेशनवर त्यांच्या गळ्यात हार पडले. आईनं पुरण घातलं होतं. ते आंबून गेलं.

मग एक दिवस वडिलांचा शेडमधला एक सोबती घरी आला. भला माणूस. चहा घेता घेता म्हणाला, "वहिनी, मी त्यांना पाहिलं. इटारसी स्टेशनवर. दाढी वाढलीय, पण तेच. माझ्याकडं बघून हसले आणि गर्दीत शिरले." आईचा चेहरा त्या वेळी कसा झाला ते मी पाहिलं, आणि त्या चेहऱ्यापायी मी त्या माणसाचा जन्मभर राग केला. कारण त्यानं काहीही पाहिलं नव्हतं. मी मोठा होऊन बोटीवर नोकरीला लागल्यावर एकदा त्यानंच मला सांगितलं, "अरे, वहिनींची दशा बघवत नव्हती रे."

बारा वर्षं माणसाचा पत्ता लागला नाही की पळसाच्या पानांचा पुतळा करतात, त्याला अग्नी देतात, आणि मग रीतसर दिवस घालतात. भटजी दोनदा येऊन बसून गेले. आईचं एकच म्हणणं होतं. "त्यांना पाहिलंय माणसानं. जित्या माणसाला जाळू होय?" मिरजेतल्या त्या भाड्याच्या दोन खोल्या तिनं सोडल्या नाहीत. मी सिंगापूरला घर केलं, दर वर्षी तिकीट पाठवीन म्हणायचो. ती म्हणायची, "आणि ते आले तर? कुलूप बघून परत जातील." साधी भाजी आणायला गेली तरी दार नुसतं लोटून जायची. शेवटी गेलीसुद्धा तिथंच, कपाळावर कुंकू घेऊन. गल्लीतल्या बायकांनी सवाष्ण म्हणून तिची ओटी भरली, एक म्हणाली, "भाग्याची गं." मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो, नाहीतर तोंडातून भलतंच गेलं असतं.

हे सगळं मी कुणाला सांगत नाही. इथं सांगतोय, कारण याच्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

माझी शेवटची बोट. मी चीफ इंजिनियर होतो, आणि खालची जवळजवळ सगळी मंडळी फिलिपीन्सची. त्यातला एक फिटर. फिटर म्हणजे बोटीवरचा वेल्डर, लोहार, प्लंबर, जे म्हणाल ते. किडकिडीत अंगाचा, तिशीतला, कमी बोलणारा. मेसमध्ये यांचा कराओके चालायचा, तिथंही हा नुसता टाळ्या वाजवायचा. मेसच्या भिंतीवर त्यांच्या त्या वेळच्या राष्ट्राध्यक्षाचा फोटो कुणीतरी चिकटवला होता, मूठ पुढं केलेला. निम्मे लोक त्या माणसाला देव मानायचे. त्यानं ड्रग्जवाल्यांना गोळ्या घालायला लावल्या, रस्ते साफ केले, असं अभिमानानं सांगायचे. फिटर त्या फोटोकडे पाठ करून बसायचा. मला वाटायचं त्याला त्या बाजूनं एसीचा गार वारा सोसत नसेल.

एकदा इंधन गाळायच्या प्युरिफायर रूममध्ये आम्ही दोघेच होतो, तेव्हा तो आपणहून बोलला. त्याच्या वस्तीत माणसं घरोघर नावं घेत फिरत होती. शेजारच्या मुलाला दारातच मारलं. ह्यानं कधीकाळी त्या मुलाबरोबर नशापाणी केलं होतं, एवढंच, पण यादीत यायला तेवढं पुरे होतं. आईनं त्याला बोटीवर पाठवलं. "आई म्हणाली, हा माणूस खुर्चीवरून उतरेपर्यंत घरी येऊ नकोस. समुद्रावर कुणी दार वाजवत नाही." सांगून तो हसला. मी त्याला म्हणालो, ते गॅस्केट जरा नीट बसव.

मलाक्काच्या सामुद्रधुनीतून सिंगापूरकडे येत होतो. रविवार होता आणि कुकचा वाढदिवस, म्हणून मागच्या डेकवर डुक्कर भाजलं होतं. अधिकारी-खलाशी सगळे एकत्र बसलो होतो. दोन्ही बाजूंना मासेमारीच्या होड्या, इतक्या जवळ की त्यांच्यावरची वाळत घातलेले कपडे दिसत होती. फिटर अर्ध्या जेवणातून उठला, आत्ता येतो अशी हातानं खूण केली, आणि आत गेला. तेव्हा सगळ्या फिलिपिनोंनी आपापली ताटली जागच्या जागी फिरवली. कुणी जेवणातून उठून गेलं की मागे राहिलेल्यांनी ताटली फिरवायची, म्हणजे जाणारा सुखरूप राहतो, अशी त्यांची समजूत. कुक मला म्हणाला, "चीफ, तुम्ही पण." मी फिरवली.

तो आला नाही. पोटभर खाऊन झोपला असेल असं सगळ्यांना वाटलं. दिवस कलायला लागल्यावर शोधलं, केबिनमध्ये नाही, इंजिनरूममध्ये नाही. बोट माघारी फिरवली, तटरक्षक दलाला कळवलं, जवळच्या बोटींनी शोध घेतला, दुसऱ्या दिवशी विमानही येऊन गेलं. काही मिळालं नाही. चौकशीत सगळ्यांनी एकच सांगितलं, कुणीही पाहिलं नाही. मीही तेच सांगितलं, कारण ते खरं होतं.

त्या बोटीनंतर मी समुद्र सोडला. आता जुरोंग ईस्टला एका ऑफिसात बसतो आणि दुसऱ्यांच्या बोटींची इंजिनं फोनवर दुरुस्त करतो. पण फिटर काही सुटला नाही. एमआरटीच्या फलाटावर नारिंगी बॉयलरसूट घातलेला कुणी पाठमोरा दिसला की मी चार पावलं पुढं जाऊन त्याचं तोंड बघतो. मेलेली माणसं मला कधी दिसली नाहीत. ही मधे लटकलेलीच दिसतात. वडील तर आयुष्यभर दिसत आले. रॉटरडॅमच्या गोदीत दिसले होते, सांताक्रूझच्या विमानतळावर दिसले होते. तेव्हा ते हयात असते तर म्हातारे झाले असते, पण दिसायचे ते तिशीतलेच.

गेल्या वर्षी आमच्या पासिर रिसच्या इमारतीत नवव्या मजल्यावर एक नवी फिलिपिनो बाई कामाला लागली. तिथल्या आजोबांना व्हीलचेअरवरून खाली आणायची. एकदा लिफ्टमध्ये तिनं मला विचारलं, "सर, तुम्ही अमक्या बोटीवर चीफ होतात ना?" ती फिटरची थोरली बहीण होती. त्या कुकनं तिला माझा फोटो दाखवला होता, आणि एकाच इमारतीत आम्ही निघालो. बायको याला योग म्हणते. मला तो कुणीतरी लावलेला सापळा वाटला.

तिचं माझ्याकडे काम होतं. रविवारी पार्कमध्ये या, म्हणाली. पासिर रिसच्या किनाऱ्यावरच्या त्या पार्कमध्ये सुट्टीच्या दिवशी तिच्या देशाच्या बायका चटया टाकून बसतात, डबे उघडतात, फोनवर घर बघतात. आम्ही दोघं नवराबायको गेलो. तिनं आम्हाला भाताचा गोड पदार्थ दिला, केळीच्या पानात बांधलेला, आपल्या पातोळ्यांचा चुलतभाऊच. मग बोलायला लागली.

त्यांच्याकडे सरकार बदललं होतं हे मला माहीत होतं. तो जुना राष्ट्राध्यक्ष पकडला गेला, विमानात घालून परदेशातल्या कोर्टापुढं नेला, हेही वाचलं होतं. "मी त्याला मत दिलं होतं, सर," ती म्हणाली. "इथल्या वकिलातीत रांग लावून. आमचे रस्ते खरंच साफ झाले होते. भावाला मी सांगितलं नाही. त्यानं विचारलं नाही." आता अडचण अशी होती, की तो माणूस पकडला गेल्याची बातमी टीव्हीवर बघून तिच्या आईनं घर झाडून काढलं होतं. आता येईल, म्हणाली. आईचं म्हणणं, मीच त्याला सांगितलं होतं की हा उतरेपर्यंत येऊ नकोस. कुठल्यातरी होडीवाल्यानं त्याला उचललं असणार, तो कुठंतरी गप्प राहिला असणार, आता त्याला येता येईल.

मी तो भात खाली ठेवला.

"राहू दे ना वाट बघत," बायको म्हणाली. "म्हातारीला तेवढाच आधार."

"मॅडम, आमचं घर नदीकाठी आहे. वादळ आलं की सगळी वस्ती शाळेत जाऊन राहते. आई गेल्या वेळी गेली नाही. दार उघडं टाकून पलंगावर बसून राहिली, पाणी गुडघ्याच्या वर आलं. शेजाऱ्यांनी उचलून नेली तर त्यांना चावली. म्हणते, तो आला आणि घर बंद दिसलं तर?" तिनं माझ्याकडे पाहिलं. "तिला सगळ्यांनी समजावलं. फादरनं समजावलं. ती एकच विचारते, कुणी पाहिलं? सर, तुम्ही सांगा. तुम्ही त्याचे चीफ होता. सांगा, की तुम्ही पाहिलं."

मी हो म्हटलं नाही. सरळ उठलो. घरी आल्यावर आमचं वाजलं. बायको म्हणत होती, "तू काय यमाचा साक्षीदार आहेस? न पाहिलेला माणूस मारायचा? आणि उद्या तो खरंच आला तर?" मुलगी सोफ्यावरून तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "बाबा, जस्ट टेल हर, लाह. शी विल ड्राउन." मुलीचं मराठी आजीच्या फोनबरोबरच गेलं, पण मुद्दा तिचाच खरा होता. मी दोघींवरही ओरडलो आणि बाल्कनीत जाऊन बसलो.

मला राग कशाचा आला होता? इटारसीच्या त्या माणसाला मी आयुष्यभर शिव्या दिल्या, आणि आता मला तेच करायला सांगत होते, फक्त उलट्या बाजूनं. त्यानं दयेपोटी माणूस जिवंत केला. मी दयेपोटी मारायचा. आणि खरं सांगायचं तर मला मोहही पडला होता. आमच्याकडे तेव्हा कुणी येऊन म्हणालं असतं, वहिनी, मी पाहिलं, पोलिसांच्या मारानं गेले, मी होतो तिथं, तर आई महिनाभर धाय मोकलून रडली असती आणि मग उठली असती. दाराला कुलूप लावून माझ्याकडे आली असती. ह्या किनाऱ्यावर नातीचा हात धरून फिरली असती. तेवढं खोटं बोलणारा एकही माणूस आम्हाला भेटला नाही.

टीव्हीवर तिकडच्या समुद्रात वादळ तयार होतंय असं दाखवायला लागले, आणि पुढच्या रविवारी मी पार्कमध्ये गेलो.

मी एकच वाक्य ठरवून गेलो होतो. तो मागच्या कठड्याशी उभा होता, पाय घसरला, मी पाहिलं. बहिणीनं फोन लावला. पडद्यावर म्हातारी आली, आवळ्याएवढं तोंड झालेली, पांढरे केस मागे बांधलेले. तिच्या पाठीमागे उघडं दार आणि दारातून पलीकडचा रस्ता दिसत होता. मी माझं वाक्य बोललो. बहिणीनं ते त्यांच्या भाषेत सांगितलं.

म्हातारी काही रडली नाही. उलटतपासणीला बसली. अंगात काय होतं? नारिंगी बॉयलरसूट. चपला होत्या की बूट? बूट. ओरडला का? ओरडला, पण इंजिनाच्या आवाजात शब्द कळले नाहीत. मग काय केलं? एक हात वर केला. कुठला हात? उजवा. एकेक उत्तर तोंडातून असं येत होतं, जणू कुणी मागून सांगत होतं. मग तिनं विचारलं ते भाषांतर करताना बहीण अडखळली.

"ती विचारते, तुम्ही पाहिलंत तर इतकी वर्षं गप्प का होतात?"

याचा विचार मी केलाच नव्हता. आता माघार घेतली तर सगळंच वाया गेलं असतं. मी म्हणालो, "भीती वाटली. वाचवायची रिंग टाकायला मला उशीर झाला. माझ्यावर येईल म्हणून मी कुणाला सांगितलं नाही."

मग तिनं अगदी हळू काहीतरी विचारलं.

"पाणी गार होतं का, सर?"

इंजिनरूममध्ये समुद्राच्या पाण्याचं तापमान आम्ही रोज बघतो. त्या पट्ट्यात ते अंघोळीच्या पाण्याइतकं असतं. "नाही," मी म्हणालो, "अजिबात गार नव्हतं. कोमट होतं." त्या सगळ्या बोलण्यात मला ठाऊक असलेली एवढी एकच गोष्ट मी सांगितली.

तेव्हा ती रडली. फोन हातातून पडला असावा, कारण पडद्यावर नुसते छताचे पत्रे दिसत होते आणि तो आवाज येत होता. आजूबाजूच्या चटयांवरच्या बायका उठून आल्या, बहिणीला धरून बसल्या. माझ्या आईचा असा आवाज मी कधीच ऐकला नाही. मी तिथंच वाळूत बसून तो शेवटपर्यंत ऐकला, कारण उठून जायचं धैर्य मला होईना.

वादळाच्या आधी म्हातारी आपल्या पायांनी शाळेत गेली. घराला कुलूप घातलं, किल्ली कमरेला बांधली. नंतर त्यांनी नऊ दिवस प्रार्थना ठेवली, त्याचा फोटो मांडला, वस्तीला जेवू घातलं. बहिणीनं मला हे लिफ्टमध्ये सांगितलं. बायकोनं देवापुढं साखर ठेवली. मलाही वाटलं, चला, एका तरी घरातून सुटका झाली.

त्यानंतर बहीण मला टाळायला लागली. मी लिफ्टमध्ये शिरलो की आजोबांची चेअर मागे घेऊन पुढच्या लिफ्टसाठी थांबायची. मला वाटलं, खोटं बोलायला लावल्याची लाज वाटत असेल. परवा आम्ही दोघंच सापडलो. दार बंद झालं आणि ती माझ्याकडे न बघता बोलली.

"सर, त्यानं हात वर केला तेव्हा तुम्ही बघत होतात. मग रिंग लगेच का नाही टाकलीत?"

मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. ती चेष्टा करत नव्हती, नाटक करत नव्हती. हे सगळं आपणच सांगायला लावलं, हे तिच्यातून पुसून गेलं होतं. तिचा भाऊ कोमट पाण्यात उजवा हात वर करून बुडाला होता, आणि एक माणूस कठड्याशी उभा राहून बघत होता. खरं काय ते एका वाक्यात सांगता आलं असतं. पण तिनं आता त्याला पुरलं होतं, आणि मला तो परत उकरून काढायचा नव्हता.

"चुकलं माझं," मी म्हणालो.

नवव्या मजल्यावर ती उतरली. तिच्या आईकडे कुलूप आहे, तिच्याकडे मी आहे, दोघींचं मिटलं. पण कुणीही काही पाहिलं नाही, एवढं मला ठाऊक आहे. होड्या फार जवळ होत्या, त्याला पोहता यायचं. त्याची वाट बघणारं आता माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही.